चोरीसची माळ आणि चान्यांची दोरी

मी जळगावहून बोलतोय. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री इतिहासाची पुस्तकं चाळतो, हे नेहमीच्या ऐकणाऱ्यांना माहीत आहेच. ज्यांना बसमध्ये, लेक्चरमध्ये किंवा घरी सगळे झोपल्यावर ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय आहे सॉसेज. थांबा, स्क्रोल करू नका! "आम्ही भरीत खाणारी माणसं, आम्हाला सॉसेजचं काय?" असं वाटत असेल तर हा भाग खास तुमच्यासाठीच आहे. कारण सॉसेजची गोष्ट सांगता सांगता मी तुम्हाला धुळ्याजवळच्या एका गावात घेऊन जाणार आहे. तिथल्या एका दोरीबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

नावातच मीठ आहे

आधी शब्द बघू. सॉसेज हा शब्द मागे मागे नेला की लॅटिनमधल्या 'साल्सुस' या शब्दापाशी पोचतो. त्याचा अर्थ खारवलेलं. नावात डुक्कर नाही, मांससुद्धा नाही. नावात आहे फक्त मीठ. म्हणजे हा पदार्थ चवीसाठी जन्माला आलेला नाही, टिकवण्यासाठी आलाय.

विचार करा. फ्रीज नाही. घरात एक मोठं जनावर कापलं. सगळं कुटुंब बसून खाल्लं, शेजारी वाटलं, तरी निम्म्याहून जास्त उरतं. दुसऱ्या दिवशी वास येतो, तिसऱ्या दिवशी टाकून द्यावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा सरळ सरळ स्टोरेजचा प्रॉब्लेम आहे. आणि माणसाने त्याची उत्तरं हजारो वर्षांपूर्वी शोधून ठेवली. मीठ लावा, म्हणजे मांसातलं पाणी बाहेर येतं आणि जंतूंना जगायला पाणी उरत नाही. उन्हात वाळवा. चुलीवर धुरात टांगा. आंबट काहीतरी घाला, कारण आंबटात बरेचसे जंतू तग धरत नाहीत. आणि पॅकिंगसाठी काय? त्याच जनावराचं आतडं! धुऊन, उलटं करून, त्यात मांस ठासून भरायचं आणि दोऱ्याने गाठी मारायच्या. प्लॅस्टिकच्या कितीतरी आधीचं पाऊच.

होमरच्या ओडिसीमध्ये चरबी आणि रक्त भरलेली बकऱ्याची पोटं विस्तवावर भाजतात असा उल्लेख येतो. रोमन लोकांकडे 'लुकानिका' नावाचं सॉसेज होतं. दक्षिण इटलीतल्या लुकानिया या डोंगराळ प्रदेशावरून ते नाव पडलं, आणि ग्रीसमध्ये आजही सॉसेजला 'लुकानिको' म्हणतात. युरोपात डोंगर आणि सॉसेज यांची जोडी जुनी आहे. थंडीच्या सुरुवातीला जनावर कापायचं, थंड कोरड्या हवेत आणि चुलीच्या धुरात मांस टांगायचं आणि बर्फात वाट बंद झाली की तेच काढून खायचं.

यात धोकाही होता. नीट केलं नाही तर सॉसेज जीव घ्यायचं. जर्मनीत वुर्टेमबर्गमध्ये जस्टिनस कर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या आसपास सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. पुढे बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली आणि त्यातून त्यामागचा जंतू सापडला. त्या आजाराचं नाव आहे बॉट्युलिझम. 'बोटुलुस' म्हणजे लॅटिनमध्ये पुन्हा सॉसेजच. म्हणून ज्या आज्या-पणज्या वर्षानुवर्षं हे घरी करत आल्या, त्यांच्या हातात किती अचूक ज्ञान होतं ते बघा. मीठ किती, ऊन किती दिवस, आंबट किती, हे सगळं वजनकाट्याशिवाय.

नेत्रावळीच्या वाटेवरचं हॉटेल

आता गोव्याला जाऊ. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच मित्र गोव्याला गेलो होतो. दोन दिवस समुद्र झाला. तिसऱ्या दिवशी ऊन, गर्दी आणि भाव या तिघांना कंटाळून आम्ही गाडी उलट्या दिशेला, सह्याद्रीकडे वळवली. सांगे तालुका, नेत्रावळीचं अभयारण्य, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी. वाटेत कुणीतरी सांगितलं होतं, की डोंगराच्या कुशीत एक घरगुती खाणावळ आहे, तिथलं चोरीस खायलाच हवं.

खाणावळ म्हणजे घराचा पुढचा पडवीचा भाग. चार टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर क्रूस, त्याखाली छोटा लाल दिवा. मेनूकार्ड नाही. आंटी येतात आणि आज काय आहे ते सांगतात. आमच्यातला एक जण शाकाहारी होता, त्याच्यासाठी त्यांनी न विचारता डाळ आणि पाव आणून ठेवला. आम्हाला मिळालं ते चोरीस. लालभडक, कांदा-बटाट्याबरोबर शिजवलेलं, वर स्वतःच्याच चरबीचं तेल सुटलेलं. सोबत पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा गोल पाव. पहिल्या घासाला आंबट लागतं, मग तिखट, मग लसूण आणि शेवटी धूर.

मी विचारलं, "आंटी, हे विकत आणता की घरी करता?"

त्या हसल्या. "बाबा, हे मशीनचं नाही हं. मांस हातानं कापलेलं. बघ, तुकडा दिसतोय ना?"

खरंच दिसत होता. कितीतरी सॉसेजमध्ये मांसाचा खिमा असतो. गोव्याच्या चोरीसमध्ये मांसाचे आणि चरबीचे छोटे छोटे तुकडे असतात. मग त्यांनी आम्हाला आत नेलं. चुलीच्या वर बांबू आडवा टाकलेला आणि त्यावर चोरीसच्या माळा. लांबून बघितलं तर जपमाळच वाटावी. छोटे छोटे गोल मणी, मध्ये दोऱ्याच्या गाठी.

कृती त्यांनी भराभर सांगितली. डुकराच्या मांसाचे तुकडे करायचे, भरपूर मीठ लावायचं आणि वर वजन ठेवून रात्रभर पाणी निथळू द्यायचं. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. त्यानंतर मसाला: लाल मिरची, लसूण, आलं, हळद, मिरी, जिरं, दालचिनी, लवंग. हे सगळं वाटायचं, पण पाण्यात नाही, माडाच्या सुरेपासून केलेल्या विनाग्रमध्ये. विनाग्र म्हणजे आपलं व्हिनेगर. त्या मसाल्यात मांस दोन-चार दिवस मुरवायचं, मग आतड्यात भरायचं, गाठी मारायच्या आणि पुन्हा ऊन किंवा चुलीवरचा धूर.

"आणि हे सगळं पावसाच्या आधी," आंटी म्हणाल्या. "मे महिन्यात पुरुमेंत भरायचं ना!"

पुरुमेंत म्हणजे आपलं वाळवणच

पुरुमेंत हा शब्द ऐकून मी खूश झालो. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो' म्हणजे तरतूद, त्याचं कोकणी रूप. पावसाळ्यात गोव्यात मासेमारी थांबते, बाजार ओस पडतात, घराबाहेर पडणं कठीण. म्हणून मे महिन्यात घराघरांत साठा करायचा: सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या, कांद्याच्या माळा, मीठ आणि चोरीस. मे महिन्यात गोव्यात पुरुमेंताचं फेस्तही भरतं.

आता मला सांगा, एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे जळगाव-धुळ्यात गच्चीवर काय चाललेलं असतं? कुरडया, पापड, शेवया आणि ज्वारीचे बिबडे. भल्या पहाटे उठून चीक शिजवायचा, साडीवर बिबडे टाकायचे आणि राखण करायला आपल्याला बसवायचं. पक्षी हाकलता हाकलता ओल्या चिकाचा घास खायचा! गोव्यातलं पुरुमेंत आणि आपलं वाळवण ही एकाच विचाराची दोन नावं आहेत. पाऊस येणार, ऊन जाणार, म्हणून उरलेलं ऊन अन्नात साठवून ठेवा.

चोरीस नेमकं कुणाचं?

बऱ्याच जणांना वाटतं, चोरीस म्हणजे पोर्तुगीजांनी आणलेला पदार्थ, संपलं. थोडं उलगडून बघू.

२५ नोव्हेंबर १५१० ला आफोन्सो दे आल्बुकेर्कने गोवा जिंकलं. पोर्तुगालमध्ये 'शोरिसो' होतं, तिथून नाव आलं आणि आतड्यात मांस भरायची पद्धत आली. पण शोरिसोला लागते द्राक्षाची वाईन. ती गोव्यात कुठून येणार? जहाजातून येणारी वाईन महाग. मग कामाला आला माड. रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर काढणारा माणूस, त्याच्या सुरेचं विनाग्र झालं आणि वाईनची जागा त्याने घेतली. हळद आणि मिरी इथलीच. दालचिनी आणि लवंग हिंदी महासागराच्या व्यापारातली.

आणि मिरची? मिरची तर ना पोर्तुगालची, ना गोव्याची. ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला. त्यानंतर पोर्तुगीज जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि हळूहळू दख्खनभर पसरली.

इथे आपण खान्देशी माणसांनी जरा थांबायला हवं. बुऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान खान्देशावर राज्य करत होते, त्यांचं राज्य अकबराने १६०१ मध्ये घेतलं. त्या राज्याची पहिली शंभर वर्षं खान्देशात मिरची नव्हती! आपला काळा मसाला, झणझणीत शेवभाजी, नंदुरबारच्या बाजारातले मिरचीचे लालभडक ढीग, हे सगळं नंतरचं. भरितातली हिरवी मिरची आणि शेंगदाणा, दोन्ही मूळचे अमेरिकेतले. म्हणून "हे परदेशी, हे आपलं पारंपरिक" असं बोट दाखवताना जरा जपून. चोरीस परदेशी असेल तर शेवभाजीही अर्धी परदेशीच.

ताटावर बसलेला पहारेकरी

पण चोरीसच्या गोष्टीत फक्त चव नाही, भीतीही आहे.

पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंवर सक्तीने धर्मांतर लादलं गेलं. १५३६ पासून तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसलं. नव्याने ख्रिस्ती झालेला माणूस मनातून खरंच ख्रिस्ती आहे का, हे तपासायचं. कसं तपासणार? ताट बघून! डुकराचं मांस टाळतो, म्हणजे संशयित. पोर्तुगालच्या डोंगराळ उत्तर भागात 'अल्येयरा' नावाचं सॉसेज मिळतं. लोककथा अशी, की ज्यूंनी कोंबडीचं मांस आणि पाव भरून हे सॉसेज केलं आणि घरात टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, हे डुक्कर खातात. या कथेवर इतिहासकार शंका घेतात, पण ती लोकांनी शेकडो वर्षं सांभाळली, यातच त्या भीतीची खोली कळते.

तेच धर्मन्यायालय १५६० साली गोव्यात आलं. मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. ए. के. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर इंग्रजीत सविस्तर पुस्तक लिहिलं. १७३६ सालचा एक हुकूम तर वाचून थक्क व्हायला होतं. त्यात ख्रिस्ती लोकांना कितीतरी जुन्या चालीरीती बंद केल्या होत्या आणि त्यातली एक अशी, की हिंदू शिजवतात तसा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. भातात मीठ आहे की नाही, यावर माणसाचा धर्म ठरत होता! अशा काळात घराच्या चुलीवर टांगलेली चोरीसची माळ म्हणजे नुसता साठा नव्हता. ते या घरात कोण राहतं याचं जाहीर उत्तर होतं.

आता नेत्रावळीच्या त्या खाणावळीकडे पुन्हा बघा. गोव्याचे इतिहासात दोन भाग पडतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, सोळाव्या शतकात घेतलेल्या. धर्मांतरं आणि धर्मन्यायालय यांचा जोर तिथे. सांगे, फोंडा, सत्तरी हे डोंगराकडचे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले, त्या नव्या काबिजादी. तिथे लोकांचे धर्म बऱ्याच अंशी तसेच राहिले. म्हणजे चोरीस हा मुळात किनाऱ्याकडचा पदार्थ, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला तो पाहुणा. आंटींचं सासर-माहेर दोन्ही सासष्टीतलं, कामधंद्यासाठी घर इकडे आलं आणि माळही बरोबर आली. आज तीच माळ बघायला आमच्यासारखे लोक गाडी वळवून जातात, फोटो काढतात, पाकीट बांधून घेऊन येतात. एकेकाळी ज्या ताटावर पहारा होता, ते आज अभिमानाचं ताट झालंय.

मग आपल्याकडे का नाही?

परतीच्या प्रवासात एकाने सहज विचारलं, "भाऊ, आपल्याकडे असं काही का नाही रे?"

प्रश्न साधा होता, पण माझ्या डोक्यात राहिला. सातपुडा आपल्याकडे आहे. पालला, तोरणमाळला जाताना वाटेत ढाबे आहेत. मटण खाणारी माणसं तर किती! आणि ऊन? भुसावळचं ऊन अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. गोव्यात एप्रिल-मे महिन्यात हवा दमट असते, म्हणून तिथे विनाग्र आणि धुराचा आधार लागतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तर सकाळी टाकलेला बिबडा संध्याकाळी कडकडीत होतो. मांस वाळवायला खान्देश गोव्यापेक्षा सरस.

कुणी म्हणेल, डुक्कर घाण खातं म्हणून आपण खात नाही. पण गोव्यातही जुन्या घरांमागचे संडास डुकरंच साफ करायची, हे तिथली वयस्कर माणसं मोकळेपणाने सांगतात. आणि सॉसेजला डुक्करच लागतं असंही नाही, आत्ताच कोंबडीचं सॉसेज बघितलं.

खरं उत्तर असं आहे, की आपल्याकडे मांस वाळवून ठेवलं जात होतं. फक्त ते कुठल्या हॉटेलात पोचलं नाही.

माझा कॉलेजचा एक मित्र धुळे तालुक्यातला. सध्या आम्ही दोघंही कोडच लिहितो. गोव्याहून आल्यावर त्याला चोरीसची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, "माझ्या आजोबांशी बोल." आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द म्हणाले, "चान्या."

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पातळ पट्ट्या. मीठ-हळद लावायची, दोरीवर टांगायच्या, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं. कडक झाल्या की मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात, काम नसलेल्या दिवसांत काढायच्या, निखाऱ्यावर भाजायच्या किंवा डाळीत टाकायच्या. मीठ, ऊन, दोरी, साठा. तंत्र तेच. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं, २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. ज्यांना या सगळ्या खाद्यसंस्कृतीबद्दल वाचायचंय त्यांनी ते जरूर वाचावं.

पण चान्यांमागची गोष्ट पुरुमेंतासारखी हसतखेळत सांगता येत नाही. गावात मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारांवर लादलेलं काम होतं. शेतात राबून मेलेला बैल, म्हैस ओढायची आणि त्याचंच मांस वाट्याला यायचं. एवढं मांस एका दिवसात संपणार नाही आणि उद्या पोटाला काय मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून वाळवायचं. आजोबा म्हणाले, "दोरी दिसली की घर कोणाचं ते लांबूनच कळायचं."

हे वाक्य ऐकलं आणि मला आंटींच्या चुलीवरची माळ आठवली. तीही तेच सांगत होती, घर कोणाचं. फरक इतकाच, की एक माळ राज्यकर्त्यांच्या धर्माची होती. तिच्यामागे चर्च होतं, सत्ता होती, पुढे बाजार आला, मग पर्यटक आले. दुसरी दोरी गावाबाहेरच्या वस्तीतली होती. तिच्यामागे कुणीच नव्हतं. मीठ आणि ऊन दोन्हीकडे सारखंच लागलं. पदार्थाची इज्जत मात्र तो कसा बनतो यावरून ठरली नाही, तो कोण खातो यावरून ठरली.

सोडण्याचा अभिमान

इथे आमची पिढी पटकन उडी मारते. माझ्या मित्राचंही तसंच झालं. तो म्हणाला, "भारी आयडिया आहे! एखाद्या फूड फेस्टिवलला स्टॉल लावू. बकऱ्याच्या मांसाच्या चान्या, आजीच्या पद्धतीने. गोव्याचं चोरीस विकतं, तर आपलं का नाही?"

आजोबांनी त्याला थांबवलं. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बेटा, आम्हाला मिळत नव्हतं म्हणून आम्ही सोडलं नाही. माणूस व्हायचं होतं म्हणून सोडलं."

यामागे मोठा इतिहास आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. ज्यांच्या घरात दुसरा साठाच नव्हता, त्यांनी ते ऐकलं. गावोगावी लोकांनी मेलेली जनावरं ओढायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या डोंगरातल्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. आजोबा कितीतरी वर्षं चुकवत नव्हते. १९५६ साली नागपूरला धर्मांतर झालं. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपलं. त्यामुळे चान्यांची दोरी घराबाहेरून गेली, ती कुणी लाजेने लपवली म्हणून गेली असं म्हणणं अर्धवट आहे. बऱ्याच घरांनी ती स्वतःच्या हाताने, ठरवून तोडली. ते तोडणं हाच त्यांचा अभिमान.

म्हणून "सगळे जुने पदार्थ परत आणा" हे वाक्य मला आता पूर्वीसारखं सोपं वाटत नाही. चोरीसची माळ पुन्हा पुन्हा टांगणं हा एका समाजाचा अभिमान असू शकतो, आणि चान्यांची दोरी पुन्हा न टांगणं हाही दुसऱ्या समाजाचा अभिमानच असतो. दोन्ही समजून घ्यायला इतिहास लागतो.

पण मित्राचंही अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. त्याला जे हवं होतं ते स्टॉलपेक्षा वेगळं होतं. आजीच्या हातात मांस टिकवायचं एवढं ज्ञान होतं, मीठ किती, ऊन किती, मडकं कसं झाकायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. ज्या सक्तीतून ते ज्ञान आलं ती सक्ती वाईट, पण त्या बाईची बुद्धी वाईट नव्हती. तिच्या जागी तीच बाई युरोपातल्या डोंगरात असती तर तिच्या नावाची खाणावळ असती, आणि आपण तिथे गाडी वळवून गेलो असतो.

शेवटी आजोबा आणि नातवाने मधला रस्ता काढला. स्टॉल लागणार नाही. पण आजोबा सांगतील आणि नातू फोनवर रेकॉर्ड करेल. चान्यांची कृती, त्याबरोबर जनावर ओढायच्या कामाची गोष्ट, आणि ते सोडलं त्या दिवसाची गोष्ट. तिन्ही एकत्र. मला वाटतं, इतिहास जपायची ही बरोबर पद्धत आहे. नुसती रेसिपी जपली तर दुःख गाळलं जातं, नुसतं दुःख जपलं तर त्या माणसांची हुशारी हरवते.

शेवटचं, आणि तुमच्यासाठी काम

पुण्यात-मुंबईत नोकरीसाठी गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने भाड्याने खोली बघताना एक प्रश्न ऐकलाय: "व्हेज की नॉनव्हेज?" ऐकायला स्वयंपाकघराचा प्रश्न, पण बऱ्याचदा त्यात दुसराच प्रश्न लपलेला असतो: तुम्ही कोण? भातात मीठ आहे का हे विचारणाऱ्यालाही तेच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या वेळी हा प्रश्न कानावर आला, किंवा आपल्याच तोंडून बाहेर पडायला लागला, तर १७३६ चा तो हुकूम आठवून बघा.

आता काम. तुमच्या घरात, वस्तीत, पाड्यावर उन्हात काय काय वाळत होतं? बिबडे, सांडगे, मासे, मांस, मोहाची फुलं, काहीही चालेल. आजी, आजोबा, मावशी, जे कोणी सांगतील त्यांना विचारा आणि त्यांच्याच बोलीत, अहिराणी असो, लेवा बोली असो, पावरी असो, दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा. आधी त्यांची परवानगी घ्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा: हे तुम्ही आवडीने करत होता, की करावं लागत होतं? उत्तर काहीही येवो, मध्ये न बोलता ऐका.

पुढच्या भागात आपण फारुकी सुलतानांच्या बुऱ्हाणपुरात जाणार आहोत, मिरची नसलेल्या खान्देशात लोक काय जेवत होते ते बघायला. तोवर पाणी भरपूर प्या, ऊन वाढतंय. चला, भेटूत!